लाटणं थांबलं की कलम चुकलं

सरांनी एकदा दिल्लीच्या समितीवरच्या इंजिनिअर बाईंना खुर्चीवरून उठवलं होतं. बाई उन्हातून तीन जिने चढून आल्या होत्या, बसून अजून घामही पुसला नव्हता. सर म्हणाले, "आपण उठा. ती खुर्ची आपली नाही."

बाई दचकून उठल्या. "सॉरी सर. कुणी येणारेत का?"

"येणार आहे. वेळ लागेल. अजून जन्म व्हायचाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होते. मी म्हटलं, "सतरंजीवर बसा. घरात खुर्च्या दोनच. एकीवर सर बसतात आणि दुसरीवर कुणीच नाही."

त्या सतरंजीवर बसल्या. पाणी प्यायल्या. शहाण्या होत्या, पुढे काही विचारलं नाही.

मी सरांकडे सोळा वर्षं पोळ्या केल्या. माझी शाळा चौथीपर्यंत. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले. सदाशिव पेठेत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली त्यांचा फ्लॅट. एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते मी विचारलं नाही. महिनाभरात मला कळलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील, पण सगळ्या एकसारख्या वेड्यावाकड्या करा. नाहीतर कुठली आधी खावी हे मला ठरवत बसावं लागतं." रस्ता ओलांडताना कुणी रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, की सर रस्त्याच्या मध्यात थांबत, वळत आणि त्याला विचारत, "हा आवाज आपण सूचना म्हणून केलात की धमकी म्हणून?" मागे सगळी वाहतूक तुंबायची. एका रिक्षावाल्यानं उत्तर दिलं, "आजोबा, सवय म्हणून." सर घरी येऊन दोन दिवस त्या उत्तरावर खूश होते. म्हणाले, "बाई, इतका खरा माणूस मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही."

खुर्चीचं असं होतं. साधी लाकडी, वेताची बैठक असलेली खुर्ची. सरांचं म्हणणं, आपण जे काही करतो त्याचे परिणाम जे भोगणार, ती माणसं ठरवताना हजर नसतात, कारण ती जन्मलेलीच नसतात. म्हणून त्यांची जागा रिकामी ठेवायची, आणि काही ठरवण्याआधी तिकडे बघून विचारायचं, "आपली हरकत?" सर खरोखर विचारायचे. गीझर घ्यायचा होता तेव्हाही विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणून सगळा हिवाळा गीझर आला नाही आणि मी गार पाण्यानं भांडी घासत राहिले. शेवटी मी म्हटलं, "सर, ते जन्मलं नाही हे खरं. पण मी जन्मलेय."

सरांनी माझे गारठलेले हात बघितले. मग म्हणाले, "हे माझ्या मांडणीत राहून गेलं." दुसऱ्या दिवशी गीझर आला.

सरांना आकाशाचा नाद आमच्या गच्चीवरून लागला. टीव्हीवर परदेशी चॅनल यायला लागले तेव्हाची गोष्ट. ज्याला त्याला डिश अँटेनाची छत्री हवी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सगळ्यात आधी आणली आणि गच्चीची मोक्याची जागा धरली. मग बाकीच्यांनी उरलेल्या जागेत लावल्या. पुढे खालून केबल आली, छत्र्या बिनकामाच्या झाल्या, पण उतरवल्या कुणीच नाहीत. त्यांच्या शेजारी बिघडलेले कूलर, फुटके कमोड, कुणाच्या तरी लग्नातला पाळणा. मला सरांचे पापड वाळत घालायला जागा राहिली नाही. एका वादळात एक छत्री उडाली आणि समोरच्या दवाखान्याच्या पाटीवर जाऊन पडली. खाली कुणी उभं नव्हतं म्हणून निभावलं.

सोसायटीच्या सभेत सर उठले. म्हणाले, "यापुढे ज्याला गच्चीवर काही न्यायचं असेल, त्यानं ते खाली कोण आणणार आणि केव्हा आणणार, हे आधी लिहून द्यावं. मगच जिना चढावा."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो सर, गच्ची सगळ्यांची आहे."

"आपण 'सगळ्यांची' म्हणजे 'कुणाचीच नाही' असं समजलात. तिथेच घोळ झाला."

ठराव मंजूर झाला. पटला म्हणून नाही. सरांचं भाषण आणखी लांबू नये म्हणून. पण गच्ची खरंच रिकामी झाली, आणि माझे पापड वाळले.

सरांनी त्यावर एक लेख लिहिला. वर आकाशातही हेच चाललंय, असं त्यात होतं. देश उपग्रह सोडतात, आता खासगी कंपन्याही सोडणार, चांगली जागा आधी येणारा धरतो, आणि मेलेले उपग्रह तसेच फिरत राहतात, एकमेकांवर आदळतात. मी विचारलं, "मग ते खाली कोण आणणार?" सर म्हणाले, "बाई, हा प्रश्न विचारायला मला दोन पुस्तकं वाचावी लागली. आपण तव्यावरची पोळी उलटताना विचारलात."

तो लेख फिरत फिरत दिल्लीला कुणाच्या तरी हाती पडला. आकाशात कुणी काय सोडावं आणि बिघडलं तर कुणी आवरावं, याचे नियम लिहायला एक समिती नेमली होती. तिच्यात सगळे शास्त्रज्ञ, वकील आणि अधिकारी. त्यांना एक तत्त्वज्ञानवाला हवा होता. सरांना पत्र आलं. जिन्यात भेटले तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अभिनंदन सर. गच्ची झाली, आता आकाश. आमची पार्किंगची जागा तेवढी सोडा."

सर म्हणाले, "ती यादीत आहे."

तेव्हापासून आमच्याकडे कामाची एक पद्धत पडली. मसुदा इंग्रजीत यायचा. सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आपली खुर्ची ओढून बसायचे आणि एकेक कलम मराठीत करून मला वाचून दाखवायचे. म्हणायचे, "जे मला आपल्याला मराठीत सांगता येत नाही, ते मला इंग्रजीत समजलेलंच नाही." मी पोळ्या लाटत ऐकायची. मत द्यायचं नाही, असा सरांचा दंडक. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे असायचं. लाटणं चालू राहिलं की कलम ठीक. लाटणं थांबलं की कलम चुकलं. ते पेन्सिलीनं फुली मारायचे आणि निघून जायचे. मी का थांबले हेही विचारायचे नाहीत. "कारण सांगायला लागलात की आपण माझ्यासारख्या बोलाल," म्हणायचे.

एकदा नुकसानभरपाईचं कलम वाचत होते आणि माझं लाटणं थांबलं. सरांनी फुली मारली. आठ दिवस तेच कलम लिहीत होते. ग्रंथालयात गेले, रद्दीतून जुनी वर्तमानपत्रं काढली, जेवताना कागद भाजीत बुडवला. नवव्या दिवशी नवं कलम घेऊन आले. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी गॅस संपला होता. तवा गार झाला म्हणून थांबले."

सरांनी नवं कलम पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "जुनं कलम वाईट होतंच. सिलिंडरला ते माझ्या आधी कळलं."

मग एक दिवस ते पडण्याचं कलम आलं. उपग्रहाचं आयुष्य संपलं की तो खाली आणायचा. बराचसा वाटेत जळून जातो. जो तुकडा उरेल तो शक्यतो समुद्रात, नाहीतर निर्जन प्रदेशात पाडायचा. चांगलं कलम होतं. त्यात सरांचा गच्चीचा ठरावच होता. सर तोऱ्यात वाचत होते.

माझं लाटणं थांबलं.

सरांनी गॅसकडे बघितलं. गॅस चालू होता. त्यांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "का?"

मी म्हटलं, "निर्जन म्हणजे कुठं?"

"जिथे माणसं राहत नाहीत."

"हे कोण सांगणार?"

सरांनी कागद उलटून बघितला. तव्यावरची पोळी करपली, ती मी काढून बाजूला ठेवली आणि त्यांना सांगितलं. माझं माहेर पूर्वेकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं. गावाबाहेर एक मोठा माळ होता. त्यावर लष्कराच्या तोफांचा सराव चालायचा. सरावाच्या तारखा कुठल्याशा कचेरीत लागायच्या, आम्हाला माहीत नसायच्या. माझा थोरला भाऊ तिथं शेरडं राखायचा. एका दुपारी बाभळीखाली भाकरी खात बसला होता, तेव्हा गोळ्याचा तुकडा आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. जे साहेब आले ते वाईट माणूस नव्हते. भावाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. पण त्यांच्या हातात कागद होता. ते परत परत तो कागद बघत होते आणि म्हणत होते, "हा माळ तर निर्जन आहे." माझे वडील भावाकडे बोट दाखवून म्हणाले, "मग ह्यो कोण हाय?"

एवढं सांगून मी पुढची लाटी घेतली. सरांनी फुली मारली नाही. कागदाची घडी करून ते आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. मी पोळ्या झाकून ठेवल्या आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कलमात एक वाक्य वाढलं होतं. कुठलीही जागा निर्जन ठरवण्याआधी तिथे प्रत्यक्ष जावं, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारावं. मी लाटत राहिले.

समितीनं ते वाक्य काढलं. सरांनी घातलं, त्यांनी पुन्हा काढलं. चार वर्षांच्या कामात इतकं भांडण कुठल्याच वाक्यावर झालं नव्हतं. शेवटी छापायचा मसुदा घेऊन इंजिनिअर बाई आल्या. पहिल्यांदा ज्यांना सरांनी खुर्चीवरून उठवलं होतं त्याच. समितीत त्या सगळ्यात लहान. दिवसा इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत उपग्रहांचं काम करायच्या. या वेळी न सांगता सतरंजीवर बसल्या.

"सर, सगळ्यांच्या सह्या झाल्यात. फक्त तुमची राहिलीय."

सरांनी पान काढून बघितलं. वाक्य नव्हतं. त्यांनी कागद परत दिला.

"सर, प्लीज. प्रॅक्टिकल नाहीये ते. प्रत्येक ठिकाणी माणूस कसा पाठवणार? सॅटेलाइट इमेजवर सगळं दिसतं ना हल्ली. घर, रस्ता, सगळं."

"आपण सही मागायला आलात. उत्तर मिळालं. चहा घेऊन जा."

बाईंचा आवाज चढला. "तुम्ही सही नाही केली तर हे परत जाईल. अध्यक्ष बदलतायत. नवीन येणारे सगळं बासनात गुंडाळून ठेवतील. वरचा कचरा खाली आणायचं कलम तुमचंच आहे सर, तेही जाईल. चार वर्षं! एका वाक्यासाठी?"

सर खुर्चीकडे वळले. "आपली हरकत?" मी त्यांचा आवाज त्या दिवसासारखा कधी ऐकला नव्हता. खरंच कुणी उत्तर द्यावं, असा होता.

खुर्ची कशी बोलणार. मी हात पुसले आणि बाहेर आले. म्हटलं, "सर, सही करा."

"बाई, आपण? आपला भाऊ—"

"भावाची बोटं सहीनं परत येणार नाहीत आणि सही अडवूनही येणार नाहीत. गच्ची आधी रिकामी करा. बाकीचं मागून बघू."

मग मी इंजिनिअर बाईंकडे वळले. "आणि ताई, तुम्ही म्हणता वरून सगळं दिसतं. घर दिसेल, रस्ता दिसेल. बाभळीखाली जेवायला बसलेला माणूस दिसेल का?"

बाईंना काही कळेना. मग मी त्यांना भावाची गोष्ट सांगितली, सरांना सांगितली होती तेवढीच. त्यांचा चहा तसाच गार झाला.

सरांनी सही केली. सहीच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ लिहायला घेतली. बाई म्हणाल्या, "सर, तिथे काही लिहायचं नसतं."

"कागद अजून संपलेला नाही," सर म्हणाले आणि लिहिलं: 'निर्जन' या शब्दाला माझी हरकत आहे, तिथे माणूस होता.

नंतर दोन दिवस सर माझ्याशी बोलले नाहीत. मीही मुद्दाम एक पोळी मोठी, एक लहान अशा केल्या. तिसऱ्या दिवशी ताटावरून म्हणाले, "आपलं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. हे फार गैरसोयीचं आहे."

मी म्हटलं, "मोठी आधी खा."

नियम निघाले. सोडणाऱ्यानंच खाली आणायचं, हे त्यात होतं. सरांनी ती बातमी कापून सेक्रेटरींच्या दारावर चिकटवली. सेक्रेटरींनी ती काढली नाही. पुढे त्यांनीच तिला प्लॅस्टिक लावलं.

त्यानंतर सर दोन वर्षं होते. पाय सुजायचे, जिना बंद झाला. त्या काळात माझ्या मुलाला मुलगी झाली. सव्वा महिन्याची झाल्यावर मी तिला सरांकडे घेऊन गेले. आशीर्वाद वगैरे सरांना जमण्यातलं नव्हतं, पण दाखवावीशी वाटली. सर भिंतीला धरून उठले. वेताच्या खुर्चीवर स्वतः टॉवेल पसरला. म्हणाले, "ठेवा."

मी मुलीला धरून तिथे ठेवली. सरांनी चष्मा नीट केला आणि तिला म्हणाले, "या. आपण फार वेळ लावलात."

तिनं हात-पाय झाडले. सरांनी विचारलं, "आमच्या आजवरच्या कामाला आपली हरकत?"

तिनं टॉवेल ओला केला. खुर्चीही.

"नोंद घेतली," सर म्हणाले.

मी हसत खुर्ची पुसायला गेले तर म्हणाले, "बाई, माझ्या मागे ही खुर्ची आपण न्या. ही मुलगी आता आली, म्हणजे ही आपल्यातली झाली. हिच्या पुढचे यायचेत. त्यांना विचारायचं काम हिला शिकवा." मी बरं म्हटलं. मी मनातून ती खुर्ची भाजी निवडायला वापरायचं ठरवलं होतं, पण आजारी माणसाला सगळंच सांगत नाहीत.

सर गेले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं खुर्ची मला दिली. पर्वतीच्या पायथ्याला आमच्या खोलीत ती आहे. एक पाय डगमगत होता, तिथे मी खिळा मारलाय. नात तिच्यावर बसून शाळेचा अभ्यास करते. मी अधूनमधून भाजी निवडते. नातीला सर आठवणं शक्य नाही, पण नवीन काही आणायचं ठरलं की ती आधी विचारते, "हे नंतर कुठं टाकणार?" तिचा बाप वैतागतो.

मागच्या महिन्यात दुपारी दार वाजलं. इंजिनिअर बाई होत्या. केस पांढरे झालेत, पण डोळे तसेच. हातात कागदांचा गठ्ठा. सरांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पत्ता काढला म्हणाल्या. आत आल्या, वेताची खुर्ची बघितली आणि उभ्याच राहिल्या.

"बसा," मी म्हटलं. "जिची आहे ती शाळेत गेलीय."

त्या बसल्या. खुर्चीच्या कडेवरून हात फिरवला. मग सांगितलं की नियम नव्यानं लिहायचे आहेत, नवी समिती नेमलीय, आणि या वेळी अध्यक्ष त्याच आहेत. जुन्या फाइलमध्ये सरांच्या सहीखालची ओळ अजून आहे. "छापताना ती गळायला हवी होती," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येक झेरॉक्समध्ये येत राहिली. नवीन जो येतो तो विचारतो, हा माणूस कोण होता? मग मी सांगते. आत्तापर्यंत तुमच्या भावाची गोष्ट किती जणांना सांगितली, मलाच माहीत नाही."

भाऊ आता नाही. असता तर म्हणाला असता, माझी गोष्ट दिल्लीला गेली खरी, पण तिथं बसायला बाभळीएवढी सावली तरी आहे का. मी ते बाईंना सांगितलं नाही. म्हटलं, "मग? आज काय आणलंय?"

"पडण्याचं कलम." त्या जराशा लाजल्या. "मराठीत करून आणलंय. सरांनी मला लाटण्याचं सांगितलं होतं, सिलिंडरचंही. तुम्ही पोळ्या केव्हा करता?"

मी कणीक काढली. पोळपाट मांडला. हात आता दुखतात, नातीपुरत्या चारच करते. बाई वाचायला लागल्या. त्यांचं मराठी सरांसारखं नाही, मध्ये मध्ये अडखळतं. निर्जन हा शब्द कुठेच नव्हता. त्या जागी होतं की जिथे पाडायचं तिथे आधी माणूस जाईल, वर्षाच्या वेगवेगळ्या काळात जाईल, गुराख्यांना आणि वाटसरूंना विचारेल, आणि मगच ती जागा ठरेल. मी लाटत होते. बाईंचं कागदावर कमी आणि माझ्या हाताकडे जास्त लक्ष होतं. पहिली पोळी तव्यावर गेली. दुसरी लाटून होत आली.

"आणि पाडण्यापूर्वी," बाई वाचत होत्या, "संबंधित कचेरीमार्फत लोकांना वेळेत कळवले जाईल."

माझं लाटणं थांबलं.

बाईंनी आधी गॅसकडे बघितलं. मग हसल्या, आणि पर्समधून पेन्सिल काढली.